अंगणातील आतषबाजी आणि लेखकमित्रांना सांगायची आनंदाची बातमी
(लेखकांच्या चर्चामंचावरील संभाषण; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

तिसरा मसुदा
येत्या सुटीच्या संध्याकाळी आमच्या लेखनगटातील मंडळी एका सदस्याच्या अंगणात जमणार आहेत आणि अंधार पडल्यावर थोडी आतषबाजी करायची, असे ठरले आहे. नेमक्या याच सुमारास माझ्या कादंबरीचे हस्तलिखित एका प्रकाशकाने स्वीकारले असून करारावर दोन्ही बाजूंच्या सह्याही झाल्या आहेत. गटाने या कादंबरीची बहुतेक प्रकरणे कच्च्या स्वरूपात वाचलेली असल्यामुळे ही बातमी त्यांच्यापासून दडवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. मात्र गटातील दोघांची हस्तलिखिते अलीकडेच ‘साभार परत’ आली आहेत आणि त्यांपैकी एकाने तर तेव्हापासून लेखनच थांबवले आहे. बातमी त्या संध्याकाळी सर्वांसमोर सांगावी, आधी कळवावी, की तो प्रसंग सरून जाऊ द्यावा? दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. अंगण फार मोठे नाही, एक लहान मूल येणार आहे आणि यजमानांच्या घरी कुत्रा आहे. अशा ठिकाणी काय उडवावे आणि काय टाळावे, हेही जाणकारांनी सांगावे.

दौत
प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. सह्या झाल्या आहेत हे फार बरे झाले, कारण तोंडी होकाराच्या बळावर जाहीर केलेल्या बातम्या पुढे महिनोन्‌महिने केविलवाणे खुलासे करायला लावतात. एकच पाहून घ्यावे: करारात किंवा पत्रव्यवहारात प्रकाशकाने घोषणेची वेळ स्वतःकडे राखून ठेवलेली नाही ना? पुरस्कारांच्या बाबतीत अशी अट सर्रास असते, पुस्तकांच्या बाबतीतही कधीकधी असते.

अर्धविराम
सर्वांसमोर सांगावी, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मंडळींनी तुमची प्रकरणे वाचून त्यांतील लंगड्या जागा दाखवून दिल्या, त्यांना ही बातमी एकत्र ऐकण्याचा हक्क आहे. ज्यांना नकार आला आहे त्यांना वेगळे गाठून हळूच सांगणे म्हणजे ‘तुम्हाला हे सोसणार नाही’ असे आपणच परस्पर ठरवणे होय. लेखक म्हणून ज्यांना आपण बरोबरीचे मानतो, त्यांच्याशी असे वागू नये.

पागोळी
अर्धविराम यांचा मुद्दा तत्त्वतः पटण्यासारखा असला, तरी मी नकाराच्या बाजूला बसलेली असल्यामुळे वेगळे सांगते. आमच्या गटात एका मैत्रिणीने भर बैठकीत तिच्या संग्रहाची बातमी दिली. बातमीने मला आनंद झालाच. तो खोटा नव्हता. पण त्याच आठवड्यात माझे हस्तलिखित परत आलेले होते आणि सगळ्या खोलीत आपला चेहरा आता कसा दिसतो आहे, याचेच भान मला त्या क्षणी अधिक होते. कोणीतरी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि मग तर टाळ्या वाजवणेही अवघड झाले. हीच बातमी मला आदल्या दिवशी दोन ओळींत कळली असती, तर मी घरी बसून हवे तेवढे वाईट वाटून घेतले असते आणि बैठकीला पूर्ण मनाने गेले असते. आधी कळवण्यात दया नसते. समोरच्याला स्वतःच्या भावनांशी एकांतात निपटायला मिळणारा तो वेळ असतो. आणि अंगणात तर आणखी एक अडचण आहे: अंधारात, गर्दीत, आनंदाच्या वातावरणात उठून निघून जाणेही शक्य नसते.

रसायनशाळा
पहिल्या प्रश्नावर माझा अधिकार नाही, दुसऱ्यावर थोडा आहे. अंगण लहान असेल तर आकाशात जाणारे काहीही नको. बाणाची काडी जळून संपत नाही, ती कुठेतरी खाली येतेच, आणि वाऱ्याची दिशा आपल्या हातात नसते. जमिनीवरची आतषबाजीही कमी धोक्याची नसते, हे मात्र लोक विसरतात. फुलबाजीच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि विझल्यावरही तिची तार बराच वेळ चटका देण्याइतकी तापलेली राहते. म्हणून पाण्याने भरलेली बादली जवळ हवी आणि प्रत्येक विझलेली फुलबाजी त्यात टाकायची. लहान मुलाच्या हाती फुलबाजी देणे टाळावे. द्यायचीच असेल तर मोठ्या माणसाने स्वतः शेजारी उभे राहावे आणि मुलाला दुसऱ्याच्या अंगाजवळ जाऊ देऊ नये.

भुईनळा सपाट, कोरड्या जमिनीवर ठेवावा, त्याच्यावर वाकू नये, हात लांब करून वात पेटवावी आणि लगेच मागे सरावे. एका वेळी एकच वस्तू पेटवावी. पेट न घेतलेल्या फटाक्याकडे पुन्हा काडी घेऊन जाणे हा सर्वांत घातक मोह होय. त्याला किमान वीस मिनिटे हात लावू नये आणि नंतर तो पाण्यात भिजत टाकावा. सुती कपडे आणि बंद पादत्राणे घालावीत. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि जखम मोठी असेल किंवा चेहरा, हात, डोळे यांपाशी असेल तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. कार्यक्रम आटोपल्यावर जमिनीवर पडलेली राख झाडून घ्यावी, कारण हिरव्या रंगासाठी वापरलेली बेरियमची संयुगे पोटात जाणे मुलांना आणि प्राण्यांना घातक असते.

खुमासदार
आमच्या गटात एका कवीने बातमी सांगण्यासाठी आतषबाजीच्या मध्यंतराची वाट पाहिली. तेवढ्यात शेजारच्या अंगणातला कार्यक्रम सुरू झाला आणि ‘माझा संग्रह’ यापुढचे एकही अक्षर कोणाला ऐकू आले नाही. ‘निघाला’ की ‘परत आला’ यावर आमच्यात अजूनही एकमत नाही.

चष्म्याआडून
पागोळी आणि अर्धविराम यांच्या वादात मानसशास्त्राची थोडी भर घालतो. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगली घटना दुसऱ्याला सांगण्याने त्या घटनेच्या मूळ आनंदाव्यतिरिक्त आणखी आनंद मिळतो, पण तो मोठ्या प्रमाणात ऐकणाऱ्याच्या प्रतिसादावर अवलंबून असतो, असे त्यातून दिसले. प्रतिसादांचे त्यांनी चार प्रकार केले. एक, उत्साहाने प्रश्न विचारणारा. दुसरा, ‘छान’ म्हणून गप्प बसणारा. तिसरा, लगेच अडचणी दाखवणारा. आणि चौथा, विषयच बदलणारा. नात्याला खरोखर पोषक ठरतो तो पहिलाच. आता विचार करा, ज्याला अकस्मात, सर्वांसमोर बातमी ऐकावी लागते, तो दुखावलेला असेल तर दुसऱ्या किंवा चौथ्या प्रकाराकडे झुकणार, हे ओघानेच आले. त्याच माणसाला आधी वेळ मिळाला, तर ‘शेवटचे प्रकरण बदललेस का?’ असा पहिल्या प्रकारचा प्रश्न त्याच्या तोंडून येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे आधी सांगण्यात सांगणाऱ्याचाही लाभ आहे. हा शेवटचा भाग मात्र माझा तर्क आहे, त्या अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.

अर्धविराम
चष्म्याआडून यांचा तर्क मान्य केला तरी माझी शंका कायम आहे. दोघांना आधी कळवले आणि बाकीच्यांना नंतर, तर ‘मला आधी का सांगितले’ याचा अर्थ त्या दोघांना कळणारच. लेखकमंडळी ओळींमधले वाचण्यातच तर आयुष्य घालवतात.

पागोळी
मग सर्वांनाच आधी कळवावे! त्यात कोणालाच वेगळे काढले जात नाही, आणि वेळ मात्र सर्वांना मिळतो.

अर्धविराम
हे मला सुचायला हवे होते. या तोडग्याला माझा विरोध नाही.

उंबरठा
यानिमित्ताने पातंजल योगसूत्रांतील एक विचार आठवला. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होण्याच्या वृत्तीला तिथे मुदिता म्हटले आहे आणि चित्त प्रसन्न राहण्याचा तो उपाय सांगितला आहे.

दौत
उंबरठा, सूत्र योग्य आठवले, पण जोडी थोडी वेगळी आहे. पहिल्या पादातील ३३व्या सूत्रात सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा सांगितली आहे. म्हणजे ज्याचे पुस्तक स्वीकारले गेले आहे त्याच्याशी मैत्री ठेवायची आहे. पुण्यवान असल्याचा दाखला त्याने स्वतंत्रपणे द्यायचा आहे.

खुमासदार
आणि उपेक्षा बहुधा उत्तरच न पाठवणाऱ्या संपादकांसाठी राखीव असावी.

काजळरेघ
आतषबाजीचा विषय निघालाच आहे तर लेखकांच्या या मेळाव्यात एक तक्रार नोंदवते. कथांमध्ये आकाशात स्फोट होतो आणि त्याच क्षणी ‘कानठळ्या’ बसतात. प्रकाश तत्काळ पोचतो, पण आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर या वेगाने येतो. एक किलोमीटर अंतरावरचे फूल उमलल्यावर जवळपास तीन सेकंदांनी त्याचा आवाज यायला हवा. एका लेखकाने तर टेकडीवरून दूरच्या शहरातील आतषबाजी पाहणाऱ्या नायिकेला प्रत्येक स्फोटाबरोबर दचकवले आहे.

रसायनशाळा
तक्रार रास्त आहे, पण ती अंगणाला लागू करू नये. पंधरा मीटर अंतरावर हा फरक सेकंदाच्या अवघ्या चार शतांशांइतका असतो, म्हणजे माणसाला दोन्ही एकाच वेळी घडल्यासारखे वाटते. अंगणातल्या प्रसंगात उशिरा येणारा आवाज लिहिलात तर तीच चूक उलट्या बाजूने होईल.

लेखकांना उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी सांगतो. काळ्या दारूचे पारंपरिक प्रमाण वजनाने पोटॅशियम नायट्रेट ७५, कोळसा १५ आणि गंधक १० टक्के असे आहे. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा. सोडियम इतका दांडगा आहे की त्याचा अंशही इतर रंगांत मिसळला तर सगळे पिवळट दिसू लागते. निळा रंग सर्वांत अवघड. तो देणारा तांब्याचा क्लोराइड-रेणू जास्त उष्णतेत टिकत नाही आणि ज्योत थंड ठेवावी तर प्रकाश मंदावतो. त्यामुळे कथेतील ‘लखलखणारा गडद निळा’ जाणकाराला खटकतो. शीळ वाजवणाऱ्या प्रकारात बेंझोएट किंवा सॅलिसिलेट क्षार असतात. ते नळीत थांबून थांबून, फार वेगाने जळतात आणि त्या कंपनातून शीळ निर्माण होते.

काजळरेघ
सॅलिसिलेटची शीळ! हे मी चोरणार, आधीच सांगून ठेवते.

खिडकीपाशी
चर्चेचा रंग बिघडवायचा नाही, पण फटाके हवेतच की काय, असा प्रश्न एकदा तरी विचारला जावा. सूक्ष्म कण आणि धातूंचा धूर लहान अंगणात, भिंतींच्या आत साठून राहतो. दम्याच्या माणसाला त्या संध्याकाळची किंमत दुसऱ्या दिवशीही मोजावी लागते. आवाजाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने एकाएकी होणाऱ्या आवाजाची कमाल पातळी मुलांसाठी १२० आणि प्रौढांसाठी १४० डेसिबल इतकी सांगितली आहे. मुलांची मर्यादा इतकी खाली आहे, याकडे सहसा लक्षच दिले जात नाही. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, पण अंगणाच्या भिंती तोच आवाज परत फेकतात.

आजीची पत्रे
खिडकीपाशी यांच्याशी सहमत आहे आणि कुत्र्याची बाजूही मांडते. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत. म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे तीव्र स्वर त्याला मात्र ऐकू येतात. अंधार पडण्याआधी त्याला फिरवून आणावे, घराच्या आतल्या खोलीत ठेवावे, पडदे ओढून एखादा सलग आवाज चालू ठेवावा आणि त्याच्याजवळ ओळखीचे माणूस बसवावे. आमच्या गटात हे काम घ्यायला नेहमी एखादा लेखक आनंदाने तयार असतो. त्याला गर्दीतून सुटका हवी असते आणि कुत्रा त्याच्या कथेवर मत देत नाही. तिसरा मसुदा, आवाजाचे प्रकार पूर्णपणे वगळा, फुलबाज्या आणि एखाद-दुसरा भुईनळा एवढ्यावर भागवा. संध्याकाळ तेवढ्यानेही साजरी होते.

जुनी बखर
मोठ्या आनंदाची घोषणा आणि आतषबाजी यांची सांगड घालण्याची हौस जुनीच आहे, आणि फजितीही. एक्स-ला-शापेलच्या तहाचा (ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाचा शेवट करणाऱ्या कराराचा) आनंद साजरा करण्यासाठी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ रोजी प्रचंड लाकडी मंडप उभारून आतषबाजी करण्यात आली आणि कार्यक्रम चालू असतानाच मंडपाच्या एका बाजूने पेट घेतला. तह झाला होता १७४८ मध्ये. म्हणजे बातमी तोवर जुनी झालेली होती आणि लोक जमले होते ते निव्वळ दिवे पाहायला. यावरून तिसरा मसुदा यांनी काही घ्यायचे असेल तर एवढेच, की बातमी आणि दारूकाम यांना एकमेकांची गरज नसते.

तिसरा मसुदा
सर्वांचे मनापासून आभार. पागोळी यांचा तोडगा मी स्वीकारत आहे: संपूर्ण गटाला आधी एकच संदेश पाठवेन आणि त्या संध्याकाळी स्वतःहून विषय काढणार नाही, कोणी काढला तर बोलेन. आवाजाचे प्रकार रद्द केले आहेत. संदेशाचा कच्चा मसुदा असा आहे: ‘मित्रहो, माझी काही पात्रता नसताना, केवळ नशिबाने, माझी कादंबरी स्वीकारली गेली आहे. तुमच्या आशीर्वादानेच हे घडले. चिकाटीने लिहीत राहिल्यास प्रत्येकाला एक दिवस यश मिळतेच, हे मला पटले.’ सुचवणी कराव्यात.

काजळरेघ
पहिले वाक्य ताबडतोब काढावे. ज्याचे हस्तलिखित परत आले आहे त्याने ‘केवळ नशीब’ वाचले की त्याच्या वाट्याला काय येते? एक तर त्याचे नशीब वाईट, किंवा तुम्ही खोटे बोलत आहात.

पागोळी
आणि शेवटचे वाक्य त्याहूनही आधी काढावे. ‘चिकाटीने यश मिळतेच’ याचा उलट अर्थ ‘तुम्हाला मिळाले नाही म्हणजे तुमची चिकाटी कमी पडली’ असा होतो. नकार मिळालेल्या माणसाला यशस्वी माणसाकडून उपदेश नको असतो. माहिती मात्र हवी असते. हस्तलिखित किती काळ पडून होते, संपादकांनी कोणते बदल मागितले, आधी किती ठिकाणांहून ते परत आले होते, हे सारे विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगा. माझ्या मैत्रिणीने पुढे तिच्या करारातील एक कलम मला वाचून दाखवले आणि त्याचा उपयोग मला तिच्या सगळ्या शुभेच्छांहून अधिक झाला.

दौत
‘तुमच्या आशीर्वादाने’ हेही मोघम आहे. कोणी काय केले ते नेमके लिहा. दुसऱ्या प्रकरणाचा शेवट बदलायला कोणी सांगितले, कोणत्या पात्राचे नाव कोणी सुचवले? ज्याने लेखन थांबवले आहे त्याचीही एखादी सूचना तुमच्या पुस्तकात उतरली असेल, तर तिचा उल्लेख जरूर हवा, पण ती खरोखर उतरलेली असेल तरच.

अर्धविराम
‘मित्रहो’ काढू नये. वरच्या तिन्ही संपादकांच्या कात्रीतून वाचलेला तेवढाच शब्द आहे.

तिसरा मसुदा
सुधारित मसुदा: ‘मित्रहो, माझी कादंबरी स्वीकारली गेली असून करार झाला आहे. निवेदन प्रथमपुरुषात करण्याची सूचना आपल्याच बैठकीत आली होती आणि संपादकांना तीच बाजू सर्वाधिक भावली. ती सूचना ज्यांनी केली त्यांचे ऋण मी पुस्तकातही नोंदवणार आहे. या प्रवासाविषयी कोणाला काही विचारायचे असेल, अगदी कराराविषयीही, तर अवश्य विचारा. उत्तर द्यायची कोणालाही घाई नाही. सुटीच्या संध्याकाळी भेटूच.’ ती सूचना लेखन थांबवलेल्या मित्राचीच होती. हे मी ओढूनताणून आणलेले नाही.

चष्म्याआडून
‘उत्तर द्यायची घाई नाही’ हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. ते ठेवा.

खिडकीपाशी
चांगला उतरला आहे. त्या मित्राने संध्याकाळी यायचे टाळले, तर मात्र त्याला पुन्हा आग्रहाचा संदेश पाठवू नये, एवढे सुचवते.

अर्धविराम
इथे मी पुन्हा विरोधात आहे. एकदा तरी आग्रह हवाच. न बोलावल्यासारखे वाटणे हे बातमीपेक्षा वाईट.

आजीची पत्रे
आग्रह करायचा असेल तर त्याला काहीतरी काम द्यावे. कुत्र्याजवळ बसायला माणूस हवाच आहे.

काजळरेघ
रसायनशाळा, एक विचारायचे राहिले. माझ्या कथेत अंगणातल्या भुईनळ्यातून निळ्या ठिणग्यांचे झाड उठते. ते अगदीच अशक्य आहे का?

रसायनशाळा
निळी ज्योत चालेल, पण ठिणग्या निळ्या नकोत. ठिणगी म्हणजे तापलेला घन कण असतो आणि तो तापमानानुसार लालसर, सोनेरी किंवा पांढरा दिसतो. कोळसा आणि लोखंडाचा कीस सोनेरी ठिणग्या देतो, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम रुपेरी. तळाशी फिकट निळी ज्योत आणि वर रुपेरी झाड असे लिहिलेत तर कोणीही हरकत घेणार नाही.